दार लिंपण्याचा दिवस

भट्टीच्या दारात आता एका विटेएवढीच पोकळी उरली होती, आणि त्या पोकळीसमोर सगळे घर उभे होते.

दुपार कलली होती. आत कच्च्या कौलांच्या रांगा एकमेकींच्या पाठीला पाठ लावून छतापर्यंत रचलेल्या. बाहेर चिखलाच्या गाऱ्याने भरलेले घमेले, पाण्याची बादली, आणि थोरल्याच्या हातात थापी. खालचे सारे दार त्यानेच चिणले होते. वरची रांग तेवढी घरच्यांची. सकाळीच सासरहून आलेल्या धाकटीने आपल्या वाटची वीट ठेवली, थोरल्या सुनेने ठेवली, थोरल्याने ठेवली, आईने ठेवली. ही रीत थोरल्याच्या आजोबांनी घालून दिलेली. भट्टी भरली की दार बंद करताना घरातल्या प्रत्येकाचा हात त्याला लागलाच पाहिजे. म्हणजे पुढे आच कमीजास्त होऊन माल बिघडला, तर दोष एकाच्याच डोक्यावर बसणार नाही. थोरली सून या घरात नवी होती तेव्हा तिला ही रीत फार आवडली होती. तिच्या माहेरी एक बशी फुटली तरी ती कोणाच्या हातून फुटली, याचा तपास दिवसभर चाले.

मधला मात्र घमेल्याजवळ उकिडवा बसून होता. त्याची वीट त्याच्या पायांपाशी होती आणि तो तिच्याकडे बघतही नव्हता.

"उठतोस ना?" थोरला म्हणाला. "गारा सुकतोय."

"पाणी घाल."

"पाणी घालायला मला काय होतंय? पण वीट तुझी आहे."

"तूच ठेव."

"वा! महिना झाला बघतोय. माती मळतोस, कौलं वाळत घालतोस, लाकडं फोडतोस, आणि भट्टी भरायला घेतली की साहेब बाहेर. आत चार रांगा लावल्या असत्यास तर काय गिळलं असतं तुला भट्टीनं?" मग त्याने आवाज खाली आणला. "अरे, कौलं भाजायचीत आज. माझं डोकं नको भाजूस."

धाकटीला किंचित हसू आले आणि तिने ते लगेच आवरले.

आई ओंडक्यावर बसली होती. मधला घराबाहेर होता, मग तुरुंगात होता, तितकी वर्षे त्याच्या वाटची वीट तिने ठेवली होती. आपली उजव्या हाताने आणि त्याची डाव्या. नवरा गेला त्या वर्षीही तिने ते चुकवले नव्हते. ती म्हणाली, "इतके दिवस ठेवली मी. पण आता तू घरात आहेस. घरात असलेल्या माणसाची वीट दुसऱ्यानं कशी ठेवायची? ठेव रे बाळा. एकदा ठेवलीस की झालं."

"काय झालं?"

"तू घरचा झालास."

"आणि नाही ठेवली तर?"

"तर लोक म्हणतात तेच खरं," थोरला मध्येच म्हणाला. "तू इथं नुसता टेकला आहेस."

थोरल्या सुनेने तांब्या उचलला आणि मधल्याला पाणी देण्याच्या निमित्ताने ती त्याच्याजवळ गेली. तो तुरुंगातून आला त्या पहिल्या आठवड्यात तिने विळी माळ्यावर लपवली होती. त्याला ती दिसली, तेव्हा त्याने काही न बोलता खाली काढली, धार लावली आणि स्वयंपाकघरात जिथल्या तिथे ठेवून दिली. त्या दिवसापासून तिची भीती गेली होती आणि तिच्या जागी एक न सुटणारे कुतूहल येऊन बसले होते. हा माणूस ओट्यावर झोपतो. न्हाणीचे दार कधी पुरते लावत नाही. आत असेपर्यंत मोठमोठ्याने खोकत राहतो, म्हणजे कोणी चुकून येऊ नये. खून करून आलेल्या माणसाला दाराची कडी लावायला कसली भीती?

"भाऊजी, बरं नाही का वाटत?" तिने हळू विचारले.

त्याने तांब्या घेतला, पण प्याला नाही. "वहिनी, मला आईला एक विचारायचंय. तेवढ्यासाठीच आलोय. तिनं काय ते सांगितलं की मग बघू, राहायचं की निघायचं."

"मग विचारा की."

"विचारलं की उत्तर येईल ना."

ती सरळ उभी राहिली आणि मोठ्याने म्हणाली, "अहो, भाऊजी या दाराला हात का लावत नाहीत? या घरात मलाच तेवढं कोणी काही सांगत नाही असं दिसतंय."

"नाटकं आहेत," थोरला म्हणाला. "दुसरं काय. तिथून माणूस तेवढंच शिकून येतो."

"दादा, पुरे," धाकटी म्हणाली.

*

पुरे, असे म्हणून झाल्यावर धाकटीच्या लक्षात आले की आता पुढचे आपल्यालाच बोलावे लागणार. ज्या गोष्टीभोवती या घराने वळसा घालून चालायला तिला लहानपणीच शिकवले होते, तिच्या अगदी मधोमध ती उभी राहिली होती. तिने आईकडे पाहिले. आई पदराच्या टोकाने बोटांवरचा सुकलेला गारा खरवडत होती.

"बाबांनी भाऊला यात कोंडलं होतं, वहिनी. लहान होता तेव्हा."

"यात?"

"भट्टी निवत होती. भाऊला वाटलं, मांजराची पिल्लं आत राहिली. त्यानं दाराची एक वीट उपसली. गार वारा आत शिरला आणि तापलेली कौलं तडकायला लागली. टण्, टण्, टण्, सगळ्या अंगणात आवाज. एक कौल धड राहिलं नाही. पिल्लं लाकडांच्या ढिगाखाली होती."

"मग?"

"बाबा तेव्हा काही बोललेच नाहीत. माल उपसून झाला, भिंती अजून कोमट होत्या, तेव्हा भाऊला म्हणाले, भट्टी निवायला किती वेळ लागतो ते आतून बघ. त्याला आत घातलं आणि आम्हाला हाक मारली. सगळ्यांना. रीतीप्रमाणे."

"रीतीप्रमाणे म्हणजे?"

"एकेक वीट."

 थोरल्या सुनेची नजर आपोआप दाराच्या वरच्या रांगेकडे गेली, जिथे ओल्या गाऱ्यात तिच्या अंगठ्याचा ठसा अजून चकाकत होता.

"सकाळी बाबांनीच दार फोडलं," धाकटी म्हणाली. "त्याला पाणी दिलं आणि म्हणाले, चल, माती मळायची आहे."

एवढे तिने सांगितले. उरलेले तिच्या जिभेपर्यंत आले नाही, कारण त्याला शब्दांचा आकारच नव्हता. त्याला हातांतल्या वजनाचा आकार होता. बाबांनी तिला कडेवर उचलून घेतले होते. वीट तिच्या दोन्ही हातांत मावत नव्हती, म्हणून बाबांचा एक तळवा खालून होता. आतल्या अंधारात भाऊचा चेहरा, आणि तिला तो लपाछपीचा खेळ वाटला होता. वीट जागेवर बसण्याआधी ती आत वाकून म्हणाली होती, "कुक!" आणि आतून, तिने घाबरू नये म्हणून, भाऊने उत्तर दिले होते, "कुक." तिची स्वतःची मुले दारामागे लपून तो शब्द उच्चारत, तेव्हा ती काहीतरी काम काढून खोलीबाहेर जाई. नवऱ्याला वाटे, हिला मुलांच्या खेळाचा कंटाळा आहे.

"म्हणजे त्या गोदामात," थोरली सून सावकाश म्हणाली, "ते शटर..."

"थट्टा केली होती त्या लोकांनी," थोरला म्हणाला. "हमाल हमालाची थट्टा करतात. हा आत असताना शटर ओढलं, घटकाभर हसले आणि उघडलं. त्याच्यावर कोणी लोखंडी आकडा उचलतो?"

"थट्टाच होती," मधला म्हणाला. इतका वेळ शांत असलेला त्याचा आवाज आताही शांतच होता. "शटर वर करताना तो हसत होता. भला माणूस होता. माझा डबा विसरला की आपल्यातलं अर्धं द्यायचा. त्याचं मरण मी इथल्या कोणाच्या माथी मारणार नाही, दादा. कोर्टात मारलं नाही, आता काय मारू?"

"मग तुरुंगात कशी काढलीत इतकी वर्षं?" थोरल्या सुनेच्या तोंडून निघून गेले.

"तुरुंगाला गज असतात, वहिनी. गजांतून माणूस दिसतो. पलीकडचा घोरतो, ते ऐकू येतं. तिथं मला कधी भीती वाटली नाही."

*

थोरल्याने थापी पाण्यात बुडवली, झटकली, पुन्हा बुडवली. हाताला काम नसले की त्याला आपण कोणाच्या तरी नजरेत उघडे पडलो आहोत असे वाटे, आणि आता तर सगळे त्याच्याकडेच बघत होते. निदान त्याला तसे वाटले.

"बाबा गेले," तो म्हणाला. "गेलेल्या माणसाची चिरफाड करून काय मिळणार?"

"मी बाबांबद्दल बोलतच नाही."

"मग कोणाबद्दल बोलतोस? माझ्याबद्दल? मी तुला सांगितलं होतं, विटेला हात लावू नको म्हणून. सांगितलं होतं की नाही?"

"सांगितलं होतंस."

"आणि मी काय करणार होतो रे? मी मध्ये पडलो असतो, तर मलाही तुझ्या शेजारी बसवलं असतं."

"तूही पोरच होतास, दादा. मी कुठं काय म्हणतोय?"

"मग असं बघू नकोस माझ्याकडे!"

मधल्याने नजर खाली घेतली. त्याने ती इतक्या मुकाट्याने, इतक्या सवयीने खाली घेतली की थोरल्याला कोणीतरी आपल्या थोबाडीत द्यावी तसे झाले. साऱ्या गावात त्याच्या भट्टीइतके घट्ट दार कोणाचे नसे. दुसरे भट्टीवाले यायचे, लिंपणावरून बोटे फिरवायचे, म्हणायचे, केसाएवढी चीर नाही. तो हात कुठे बसला, हे मात्र त्याने कधी कोणाला सांगितले नव्हते.

"बाबांनी मला तोवर कधी चांगलं म्हटलं नव्हतं," तो म्हणाला. तो बायकोशी बोलत होता, की घमेल्याशी, हे कळत नव्हते. "त्या दिवशी मी माझी वीट ठेवली आणि कडेनं गारा भरला. नीट भरला. ते बघत होते म्हणून जास्तच नीट. आणि ते म्हणाले, बसला बघ तुझा हात. खांद्यावर थाप मारली. मला आनंद झाला होता रे. तू आत, आणि मला आनंद झाला होता."

धाकटी रडू लागली. थोरली सून नवऱ्याकडे पाहत राहिली. इतक्या वर्षांच्या संसारात हा माणूस तिच्यापाशी एवढे मोकळे कधी बोलला नव्हता, आणि बोलला तर हे.

"मी कोरडी ठेवली होती," आई म्हणाली.

सगळ्यांनी वळून पाहिले.

"माझी वीट. गारा लावल्यासारखं केलं आणि कोरडीच ठेवली. वरच्या कोपऱ्यात फट राहिली. त्यांच्या लक्षात आलं असतं तर माझी धडगत नव्हती. पण म्हटलं, पोराला हवा तरी मिळेल." तिचा आवाज बारीक होता, पण त्यात, कधीपासून जपून ठेवलेली वस्तू शेवटी बाहेर काढावी तशी एक हळुवार घाई होती. "तुला ठाऊक नसेल. मी कोणाला सांगितलं नाही. पण फट ठेवली होती मी."

ही फट तिने आयुष्यभर आपल्यापाशी बाळगली होती. नवऱ्याच्या शेजारी निजताना, मधला लहानपणीच घर सोडून गेला तेव्हा, कोर्टात त्याच्या हातांत बेड्या पाहिल्या तेव्हा, तिने दर वेळी मनातल्या मनात त्या फटीवर बोट ठेवून पाहिले होते. ती होती. तेवढी तरी होती.

"ठाऊक आहे मला," मधला म्हणाला. "त्या फटीतूनच सगळं दिसत होतं."

"काय दिसत होतं?"

"उकाड्याचे दिवस. ताटं अंगणात मांडली होती. कंदील होता. तू दादाला वाढलंस. त्यानं परत मागितलं, तू परत वाढलंस. हिला भरवलंस. मग ताटं उचललीस, कंदील घेतलास आणि आत गेलीस." त्याने तांब्या खाली ठेवला. "फट नसती, तर तुम्ही सगळे कुठं तरी माझी वाट बघत बसला आहात असं समजून मी रात्र काढली असती."

 गाऱ्यावर पातळ साय धरली होती आणि तिला आता भेगा पडू लागल्या होत्या.

थोरली सून पुढे झाली. "आई, भाऊजींची वीट मी ठेवते. मी त्या दिवशी नव्हते."

"नको," आई म्हणाली. "तू यात हात घालू नकोस." मग तिने थोरल्याकडे पाहिले. "बंद कर तू."

"कोणाच्या नावानं?"

"कोणाच्या नाही. लिंप आणि मोकळा हो. खूप झाली रीत."

थोरल्याने वीट उचलली. भट्टी पेटवायची तर दार बंद करणे भागच होते; त्याला दुसरा उपाय नव्हता, आणि मधल्यालाही ते कळत होते. तरी गारा भरताना थोरल्याचा हात बसेना. तो एक कड दाबी, ती सोडून दुसरीकडे जाई, पुन्हा पहिलीकडे येई. मधला मात्र उठून उभा राहिला होता आणि शेवटचा काळोखा चौकोन लहान होत होत नाहीसा होताना पाहत होता. त्या रात्रीनंतर हे दार बाहेरून बंद होताना तो पहिल्यांदाच पाहत होता.

*

आग पेटवल्यावर बाकीचे घरात गेले. मधला भट्टीच्या तोंडाशी बसला. ते पलीकडच्या अंगाला, दारापासून दूर होते. तिथे लाकूड सारायचे आणि उघड्या हवेत बसायचे, म्हणून हे काम त्याने आपणहून घेतले होते. पहिली आच मंद ठेवावी लागते. कच्च्या मालातला ओलावा आधी हळूहळू निघून जायला हवा. घाई केली की कौल आतून फुटते. हे त्याला कोणी सांगावे लागले नाही.

तिन्हीसांज होत आली तेव्हा आई आली. तिच्यासाठी त्याने एक ओंडका ओढून दिला. ती बसली. बराच वेळ दोघे आगीकडे बघत राहिले, आणि आईला वाटले की हा असाच बसू दे, काही न बोलता, आपण मरेपर्यंत.

"आई."

"हं."

"आत असताना मी हाका मारत होतो."

तिने पायाशी पडलेली एक ढलपी उचलून आगीत टाकली.

"तुला ऐकू येत होत्या का?"

तिला उत्तर ठाऊक होते; म्हणजे, कोणते उत्तर द्यायचे ते ठाऊक होते. भट्टीच्या भिंती हातभर जाड. त्यांतून काय ऐकू येणार? रे बाळा, मला काही सुद्धा ऐकू आलं नाही. एवढे म्हटले की झाले. तो मानेल. त्याला मानायचेच आहे, म्हणून तर तो इतके दिवस थांबला आहे. आज इथे बसला आहे तसा उद्या बसेल, परवा बसेल, ओट्यावर झोपेल, न्हाणीत खोकेल, आणि पहाटे डोळा उघडल्यावर तिला तो खोकला ऐकू येईल. शब्द तिच्या ओठांवर येऊन उभे राहिले. तिने पोराच्या तोंडाकडे पाहिले. उजेडाने त्याचा चेहरा खालून उजळला होता आणि तो पोराचा राहिला नव्हता. कानांमागे केस पांढरे झाले होते.

"सगळ्या," ती म्हणाली.

त्याने हातातले लाकूड खाली ठेवले.

"बाबांनी येऊ दिलं नाही?"

"ते झोपले होते."

आगीत काही तरी तडतडले आणि विझले.

"त्यांना झोप लागल्यावर मी उठले," आई म्हणाली. आता सांगायला सुरुवात केली होती, तर मध्ये थांबणे हे खोटे बोलण्यासारखेच झाले असते. "दारापर्यंत आले. विटेला हात लावला. कोरडीच होती, नुसती ओढली असती तरी हातात आली असती. मी म्हटलं, उद्या त्यांना काय सांगू? उभी राहिले तशीच. आणि तू एकदम हाका मारायचा थांबलास. मला वाटलं, झोपला. बरं वाटलं रे मला. सुटले असं वाटलं. आणि परत जाऊन पडले."

 तिने पदर तोंडाशी धरला आणि विचारले, "निघशील आता?"

"भट्टी उघडली की. तोवर आच सांभाळायला माणूस लागेल."

"बरं."

"तू खरं सांगितलंस," तो म्हणाला. "तू खोटं बोलली असतीस तर मी राहिलो असतो."

"ठाऊक होतं मला."

अंधार आता लाकडांच्या ढिगावरून खाली उतरून त्यांच्या पाठीशी आला होता. आच मागे पडत होती. त्याने वाकून एक लाकूड आत सारले, दुसरे सारले, आणि ते पेट घेईपर्यंत तसाच वाकून राहिला, म्हणून त्याचा चेहरा तिला दिसला नाही.

"मी झोपलो नव्हतो, आई," तो म्हणाला. "तुझी पावलं वाजली. म्हणून थांबलो. म्हटलं, आली."